मा. धूपप्रतिबंधक बंधारासाहेबांस खुले पत्र

प्रति,
मा. धूपप्रतिबंधक बंधारासाहेब,
मुक्काम पोस्ट समुद्रकिनारा, कोकण.

विषय : आपल्या अथक संरक्षणामुळे नाहीशी झालेली पुळण परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या भूमिपूजनाची कोनशिला (सध्या पाण्याखाली).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपण आल्यापासून गावात सर्व कुशल आहे. फक्त समुद्रकिनारा नाही. समुद्र आहे, आपण आहात, आपल्या दगडांवर तोल सांभाळत सेल्फी काढणारे पाहुणेही आहेत. मधली वाळू तेवढी बेपत्ता आहे आणि शेवटची ती आपल्याच सोबत दिसली होती, असं प्रत्यक्षदर्शींचं म्हणणं आहे.

सरकारी भाषा इथं थांबवतो. ती तुमची मातृभाषा असेल, माझी नाही.

तुमचा जन्म कसा होतो ते सगळ्या किनारपट्टीला तोंडपाठ आहे. आषाढ-श्रावणात उधाणाची भरती येते. माडांच्या मुळाखालची वाळू निसटते, दोन-चार माड समुद्रात आडवे होतात, एखाद्या घराची पडवी अधांतरी राहते. वर्तमानपत्रात फोटो येतो. पुढारी येतात, चपला हातात घेऊन पाहणी करतात, ‘तातडीची बाब’ म्हणून प्रस्ताव जातो. मग तातडी थोडी विश्रांती घेते. मार्चअखेर जवळ आली, निधी परत जाईल अशी भीती वाटू लागली, की डंपर सुरू होतात. त्या डंपरांखाली गावचा रस्ता उखडतो, पण त्याचा प्रस्ताव वेगळा असतो.

यातली एक गंमत फार थोड्यांच्या लक्षात येते. मंजुरीसाठी जोडलेला फोटो श्रावणातला असतो आणि काम पूर्ण झाल्याचा फोटो वैशाखातला. पावसाळ्यातल्या उंच, घाईच्या लाटा पुळणीवरची वाळू खेचून समोरच्या पाण्यात तिचा दांडा घालतात. त्या दांड्यावरच पुढच्या लाटा फुटतात आणि उरलेला किनारा वाचतो. पाऊस सरला, दर्या निवळला, की संथ लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणतात. चैत्र-वैशाखात पुळण पुन्हा भरलेली दिसते. हे येणं-जाणं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. म्हणून श्रावणात बघितलं की सगळं गेलेलं दिसतं आणि वैशाखात बघितलं की सगळं तुम्हीच आणलेलं दिसतं. न केलेल्या कामाचं इतकं नियमित श्रेय घेणारं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

जे काम तुम्ही खरोखर करता, तेही सांगतो. मोकळ्या पुळणीवर लाट आली की उताराला चढते, वाळूत मुरते, तिचा जोर ओसरतो आणि ती मागं फिरते. तुमच्यावर ती आपटते. आपटलेली लाट रिकाम्या हातानं जात नाही, तुमच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते. पायथा खचतो, समोरचं पाणी खोल होतं. उथळ पाण्यात मोठी लाट वाटेतच फुटते. पाणी जितकं खोल, तितकी मोठी लाट न फुटता तुमच्यापर्यंत पोचते. आता हडसन नावाच्या अमेरिकी अभियंत्याचं सूत्र तुमच्या आड येतं. बंधाऱ्यांची पुस्तकं त्याच्यावाचून पुरी होत नाहीत. ते सूत्र सांगतं, की लाटेची उंची दुप्पट झाली तर तिच्यापुढं टिकणाऱ्या दगडाचं वजन आठपट असावं लागतं. बरं, तुमचा दगड ठरला होता समोर पुळण असतानाच्या लाटेसाठी. ती पुळण तुम्हीच घालवली. म्हणजे स्वतःच्या पायाशी खड्डा खणायचा, आठपट वजनाचा दगड मागणारी लाट घरी बोलवायची आणि ती आली की ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून कोसळायचं. कर्तृत्वाला तोड नाही.

ओहोटीला तुमच्या अगदी जवळ आलं की हे सगळं उघड्यावर दिसतं. वरच्या थराचे मोठे दगड घसरून खाली आलेले असतात. त्यांच्या मागून काळं जिओटेक्स्टाइल कापड फाटून लोंबत असतं आणि त्या फाटक्यातून गाभ्यातली खडी दर भरतीला थोडी थोडी गळते. दगडांच्या फटींत एकेरी चपला, थर्माकोलचे तुकडे, तुटलेल्या जाळ्याचा गुंता. पहिल्या पावसाळ्यात तुम्ही बसता, दुसऱ्या पावसाळ्यात फाटता, तिसऱ्या वर्षी तुमच्या दुरुस्तीचं टेंडर निघतं. समुद्रानं गिळलेला दगड नेमका किती, हे समुद्रालाच ठाऊक. मोजमाप पुस्तिकेत मात्र तो दशांश चिन्हापुढं दोन घरांपर्यंत अचूक असतो.

या बाबतीत तुमच्या घराण्याची परंपरा थोर आहे, हे मान्य करायला हवं. १९२० च्या दशकात मुंबईत बॅकबेचा भराव चालला होता. समुद्रात भिंत घालायची, ड्रेजरनं गाळ उपसून भिंतीआड भरायचा आणि जमीन तयार करायची, असा बेत. खर्च फुगत गेला, जमीन काही ठरल्याप्रमाणं वर येईना. खुर्शेद नरीमन नावाच्या वकिलानं त्यातला घोळ चव्हाट्यावर मांडला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि तो नरीमन जिंकले. नंतर समुद्रातच केलेल्या भरावाला त्यांचं नाव देण्यात आलं. आपल्याकडं भरावातला घोळ उघड करणाऱ्याचा सत्कार भरावानंच होतो.

तुमचा सगळ्यात मोठा पराक्रम तुमच्या शेवटच्या दगडापलीकडं बघायला मिळतो. जिथं तुम्ही संपता तिथून पुढची वाडी खचू लागते. किनाऱ्यानं सरकत येणारी वाळू तुमच्यापाशी अडते किंवा तुमच्यासमोरच्या खोल पाण्यात जाते, आणि पुढच्या वाडीला तिचा वाटा मिळत नाही. मग पुढची वाडी मोर्चा काढते, निवेदन देते, तिलाही तुम्ही मिळता. मग तिच्या पुढची. असा तुमचा वंश वाडी-वाडीनं वाढत जातो. देशाच्या पूर्व किनाऱ्यावर हा कुळाचार फार आधीपासून चालू आहे. १८७० च्या दशकात मद्रासला बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या. दक्षिणेकडं वाळू साचत गेली आणि मरीना रुंदावत गेली. उत्तरेला रोयापुरमचा किनारा समुद्रात गेला. त्या किनाऱ्यानं दरवर्षी लाखो घनमीटर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकते, ती मधेच अडली. शंभरएक वर्षांनी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, पुदुच्चेरीला बंदर झालं आणि तोच प्रयोग पुन्हा झाला. बंदराच्या एका बाजूला वाळूचा ढीग, दुसऱ्या बाजूला शहरासमोरची पुळण गायब, तिच्या जागी तुमचे दगड आणि मग उत्तरेकडच्या मच्छीमार गावांची तुमच्यासाठी रांग. केरळनं तर आपल्या जवळपास निम्म्या किनाऱ्यावर तुम्हाला बसवलं आहे. तिथंही दर पावसाळ्यात समुद्र घरात शिरल्याच्या बातम्या येतातच.

सगळा दोष तुमच्या माथी मारण्याइतका मी अन्यायी नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० पासूनच्या उपग्रहचित्रांवरून देशाचा किनारा तपासला. मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतो आहे आणि महाराष्ट्राचा सुमारे एक चतुर्थांश. त्यात चढती समुद्रपातळी आहे, अरबी समुद्रातली वाढती वादळं आहेत, नद्यांवरची धरणं आहेत. तुम्ही एकटे गुन्हेगार नाही. गुन्हा घडून गेल्यावर जागेवर हजर राहून, पुरावा पायाखाली दाबून, वर संरक्षक म्हणून पाटी लावणारे मात्र एकटे तुम्हीच.

मूळ विषय वाळूचा आहे, आणि तिथं तुमचा एक सख्खा भाऊ आहे. त्याचं नाव गाळ. खाडीच्या मुखाशी, मासेमारी बंदराच्या तोंडाशी वाळू साचते. होड्यांना आत-बाहेर करायला भरतीची वाट बघावी लागते. अंदाज चुकला की ट्रॉलर वाळूत रुततो, पाण्याला ओढ असेल तर उलटतोही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून कितीतरी बंदरांत ‘गाळ काढा’ ही मागणी दर वर्षाची आहे आणि ती रास्त आहे. मग गाळाचं टेंडर निघतं. ड्रेजर येतो, उपसतो, उपसलेला माल कुठंतरी टाकतो. नंतर तोच गाळ परत येतो आणि नवं टेंडर निघतं.

आता आमच्यासारख्या अडाण्याला प्रश्न पडतो. बंदराच्या तोंडाशी नको तेवढी साचलेली वाळू आणि शेजारच्या वाडीच्या पुळणीवरून गेलेली वाळू, या दोघींची एकमेकींशी ओळख असेल का? पुष्कळदा ती एकच वाळू असते. किनाऱ्यानं सरकणारी वाळू बंदराच्या भिंतीमुळं एका जागी साचते आणि दुसऱ्या जागी कमी पडते. साचली तिथं गाळाचं टेंडर, कमी पडली तिथं बंधाऱ्याचं टेंडर. गाळाची फाइल एका टेबलावर, बंधाऱ्याची दुसऱ्या. एकाच वाळूवर दोनदा खर्च होतो. उचलताना होतो तो एकदा, आणि ती नसल्याबद्दल होतो तो पुन्हा एकदा. या दोन फायलींची भेट व्हावी म्हणून कुणी प्रयत्न केल्याचं ऐकिवात नाही. झाली असती तर कदाचित दोन्हींपैकी एक बिल कमी झालं असतं आणि ते कुणाला परवडणार?

तिसरा वाटेकरी खाडीत आहे. पूर्वी हातपाटीवाले बुड्या मारून टोपलीनं वाळू काढत. त्यात माणसाच्या दमाची मर्यादा होती. आता सक्शन पंप आहेत, त्यांना दम लागत नाही. नदीनं सह्याद्रीतून आणलेली आणि समुद्राकडं निघालेली वाळू खाडीतच उचलली जाते, ब्रासच्या भावानं मोजली जाते आणि रात्रीच्या डंपरांनी घाट चढते. या वाळूनं शहरात इमारती होतात. त्यांच्यातल्याच काहींना ‘सी व्ह्यू’ असतो म्हणे. मग पुळणीला वाळू पोचत नाही म्हणून तुम्हाला बोलावलं जातं. पंपवाल्याला मी हे पत्र लिहीत नाही, कारण तो कुणाच्या नजरेस पडतच नाही. सगळ्या यंत्रणेची तशी खात्रीच झालेली आहे. तुम्ही निदान जागेवर सापडता.

आणि तुम्ही काय काय अडवलंत तेही ऐका. आमच्याकडं रापण असते, सिंधुदुर्गात जास्त. होडीनं जाळं अर्धवर्तुळात पाण्यात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर आणायचे आणि वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त माणसांनी दोर धरून मागं मागं चालत जाळं ओढायचं. ज्यानं दोराला हात लावला त्याचा मासळीत वाटा. भांडवल नसलेल्या माणसाची ही मासेमारी आहे, तिला डिझेल लागत नाही, फक्त मागं चालायला जागा लागते. आता चार पावलं मागं टाकली की पाठीला तुम्ही लागता. होडी वर ओढून ठेवायची जागा तुमच्याखाली गेली, म्हणून होडी रस्त्याच्या कडेला उभी. बायका सुकी मासळी वाळूवर घालायच्या, त्या डांबरावर घालतात. रात्री अंडी घालायला येणारी कासवीण तुमच्या पायथ्याशी घुटमळून परत समुद्रात जाते. वेळास-आंजर्ल्याला तिच्या नावानं महोत्सव भरतो, तुमच्याकडं तिची साधी नोंदही होत नाही. एका म्हाताऱ्या रापणकरानं तुमच्याकडं बघत मला एवढंच म्हटलं, “दर्याक कित्या अडवतास? ती वाळू खंय जाता ती बगा.” त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतलेली नाही, त्यामुळं त्यांचा अभिप्राय फायलीत घेता येणार नाही, हे मला कळतं.

अलीकडं तुमच्यात परदेशी रक्त आलं आहे, टेट्रापॉड. फ्रान्समध्ये १९५० साली जन्मलेलं हे चार पायांचं काँक्रीट मुंबईकरांना मरीन ड्राइव्हमुळं ओळखीचं आहे. ते लाटेला थोडी वाट देतं, एकमेकांत अडकून बसतं, दगडापेक्षा टिकतं, हे खरं. पण तेही शेवटी वाळूवरच उभं राहतं. वजन वाढलं, बिल वाढलं; पायाखालच्या वाळूला फरक कळला नाही.

कुणी तुमची स्तुती करताना सिंधुदुर्गाचा दाखला देतो तेव्हा मात्र मला राहवत नाही. किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं, साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ तो लाटा खातो आहे, म्हणजे समुद्रात बांधलेलं टिकतं, असा युक्तिवाद. साहेब, तो तट कुरटे बेटाच्या खडकावर आहे. बांधण्याआधी महाराजांनी जागा पाहिली होती. तुम्ही पुळणीवर उभे आहात आणि जागा पाहिली असेल तर ती चारचाकीच्या काचेतून. लाटांची छोटी प्रतिकृती करून बंदरं आणि बंधारे तपासणारं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला आहे, त्याची मुळं १९१६ पर्यंत जातात. घाटाच्या वरच्या अंगाला शास्त्र आहे आणि खालच्या अंगाला डंपर. मधला घाट उतरून किनाऱ्यावर यायला काही तास लागतात, फायलीला किती लागतात ते विचारू नका.

एक बाब तुमच्या बाजूनं नोंदवतो. देवबागसारखी गावं आहेत, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर घरं. ज्याची पडवी उद्या जाणार आहे त्याला ‘थांब, वाळू परत येईल’ असं सांगायला निर्लज्जपणा लागतो. तिथं दगड घालावाच लागतो. २०२० साली निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं जहाज रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच राहिलं. तेव्हा मागच्या वस्तीला मधे काहीतरी आहे याचाच आधार वाटला असणार. म्हणून तुम्हाला उखडून टाका असं मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की शेवटचा उपाय म्हणून ज्याला बोलवायचं, त्याला आपण पहिलाच उपाय करून ठेवला आहे.

नेदरलँड्सचं उदाहरण देतो, रागावू नका. अर्धा देश समुद्राच्या भीतीत राहणाऱ्या त्या लोकांनी १९९० मध्ये ठरवलं, की किनारा दगडानं नव्हे, वाळूनं जागेवर ठेवायचा. २०११ साली हेगजवळ त्यांनी एकदाच २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू ओतून ठेवली आणि वाऱ्या-लाटांना ती किनाऱ्यावर पसरू दिली. आपल्या हिशेबात सांगायचं तर ७५ लाख ब्रासच्या वर. आमच्याकडं एवढी वाळू उघड्यावर टाकली असती तर लाटांना हात लावायलाही मिळाला नसता. तेवढं लांब जायचं नसेल तर विशाखापट्टणमला जा. तिथं बंदराच्या तोंडाशी साचलेली वाळू ड्रेजरनं काढून उत्तरेकडच्या रामकृष्ण बीचवर सोडायची पद्धत जुनी आहे. ती वाळू दरवर्षी पुरतेच असं नाही, किनारा तिथंही झिजतो. पण गाळ आणि पुळण यांचं नातं तिथल्या माणसांनी निदान मान्य केलं. आमच्या खाड्यांत पुष्कळ ठिकाणी निव्वळ चिखल निघतो, तो पुळणीवर ओतून चालणार नाही. जिथं स्वच्छ वाळू निघते तिथं ती शेजारच्या वाडीसमोर का पडू नये, एवढं विचारायला तर हरकत नाही? वर सुरूच्या रांगांऐवजी मर्यादवेल राहू दिली, तर आलेली वाळू वाऱ्यानं उडूनही जाणार नाही.

तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही, तुम्ही दगड आहात. तुम्हाला मंजूर करणारे बोलू शकतात, पण ते आचारसंहितेत असतात. म्हणून शेवटची विनंती किनाऱ्यावरच्या वाचकांना करतो. प्रत्येक वाडीसमोर एक पक्की खुंटी ठोकून घ्या. तिच्यापासून भरतीरेषेपर्यंतची पुळण मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि ऑक्टोबरच्या शेवटी एकदा मोजा. दोन्ही आकडे दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. जवळच्या बंदरातून किंवा खाडीतून किती ब्रास गाळ काढला आणि तो कुठं टाकला, तेही त्याच फळ्यावर हवं. पुढचा बंधारा मंजूर करायला कुणी आलं, की आधी त्या फळ्यासमोर उभं करा. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते, तेव्हा हा ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

कळावे. लोभ आहेच, तो टेंडरात कमी व्हावा.

आपला,
आपल्या मागे राहणारा एक किनारकर